हळवी फेरी

माझा हात तुम्ही चोरलात. सुरक्षिततेच्या नावाने मागून घेतलात, परस्पर दुसऱ्याला दिलात, आणि तोच हात घेऊन मी तुमच्या दारात आले तेव्हा तोंड वर करून म्हणालात, हा माणसाचा हात नव्हे.

तुमच्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणणार, हा विषय आमच्याकडे नाही, शेजारच्या खात्यात विचारा. आभाळात काय उडावं आणि काय उडू नये यावर ज्यांची सही लागते, ते तुम्ही. ज्याला टोचेल त्याने समजून घ्यावं.

मी दर्शना पालशेतकर, खाजणवाडीची. ड्रोनने वरून चित्रीकरण करते. करायचे. लग्नं, पालख्या, होड्यांच्या शर्यती, हॉटेलवाल्यांच्या जाहिराती. कुणी शिकवलं नाही. पहिला ड्रोन माडात घातला, दुसरा खाडीत बुडवला, तिसरा हातात बसला.

हातात बसला म्हणजे कसा, तेही ऐका. लग्न होऊन आले त्या वर्षी मोठी जाऊ विशाखा मला कालवं काढायला घेऊन गेली. कालव म्हणजे समुद्राच्या खडकाला चिकटलेला शिंपला, आत मऊ मांस, बाहेर सुरीसारखी कड. ती कड माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. जखम भरली, पण अंगठा काही पूर्वीसारखा सरकेना. मधेच अडतो, मग सुटतो. आता ड्रोनच्या रिमोटची डावी दांडी याच अंगठ्याने चालते, उंची तिनेच सांभाळायची आणि गिरकीही तिनेच घ्यायची. त्यामुळे एखाद्या माणसाभोवती मी फेरी मारायला घेतली की फेरी पुरी व्हायच्या जरा आधी अंगठा अडायचा, ड्रोन किंचित खाली बसायचा आणि मग उचलून पुढे जायचा.

सुरुवातीला मला लाज वाटायची. तेवढा तुकडा मी कापून टाकायचे. एकदा घाईत राहून गेला. नवरीची पाठवणी होती, ती गाडीपाशी उभी, मी वरून फेरी घेतली, आणि नेमकं ती मागे वळून बघते तिथे चित्र जरासं खाली बसलं. नवरीच्या आईने ते बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "बाय, ह्या यंत्राच्या घशात पण आवंढा आला की गो!"

त्यानंतर मी तो आवंढा कधी कापला नाही. लोक त्याच्यासाठीच मला बोलवायला लागले.

आपोआप उडणारे मोड तेव्हाही होते. पडद्यावरच्या माणसावर बोट टेकवायचं, त्याच्याभोवती चौकोन बसतो, मग 'पाठलाग' निवडा नाहीतर 'फेरी' निवडा, आणि हात खिशात घाला. उपग्रहाकडून जागा कळते, कॅमेऱ्याकडून अंतर कळतं, बाकी सगळं गणित. फेरी म्हणजे परकाराने काढलेलं वर्तुळ. कुठे चूक नाही, आणि म्हणून दोनदा बघावंसं वाटत नाही.

माझा नवरा नितेश मोडवाला. आमच्या घरात यावरून रोजची जुंपायची.

"परकार काय वाईट असतो काय?" तो म्हणायचा.

"परकाराने रांगोळी काढ बघू."

"मी कशाला काढू? तू हायस ना."

विशाखा आतून ओरडायची, "भांडा, भांडा! तवर मासळी जळूं दे."

मग कुठल्याशा जत्रेत कुणाचासा ड्रोन गर्दीत पडला आणि तुम्ही जागे झालात. फर्मान आलं: हाताने उडवायचं असेल तर प्रत्येक उड्डाणाची नोंद आमच्याकडे आली पाहिजे. दांडी कधी, किती, कुठल्या बाजूला हलली, सगळं. ड्रोन जमिनीला टेकला की ती आपोआप तुमच्याकडे जाणार. आम्ही म्हटलं, घ्या. लपवण्यासारखं काय होतं?

त्याच्या जोडीला तुम्ही रिमोटमध्ये कंपतपासणी बसवलीत. ही गोष्ट मात्र हुशारीची होती, मान्य करते. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. धडधाकट माणसाने बोट समोर धरलं तरी ते सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरत असतं, डोळ्याला दिसत नाही इतकं. काळजाच्या ठोक्याने, स्नायूंच्या ताणाने, मेंदूच्या हुकमाने. आणि प्रत्येकाची थरथर वेगळी, आवाज वेगळा असतो तशी. रिमोटच्या दांडीला ती कळते. थरथर नसेल तर दांडीमागे माणूस नाही, कुणीतरी हाताच्या नावाखाली चोरून मोड चालवतोय. बंद करा. ठीक.

पुढचं ठीक नव्हतं. आमच्या नोंदी तुम्ही ड्रोन बनवणाऱ्यांना दिल्यात. "संशोधनासाठी." त्यांनी हजारो फेऱ्या यंत्राला चारल्या आणि विचारलं, लोकांना कुठली आवडते? यंत्राने निवडली. ती मापली, मळली आणि नवा मोड करून विकायला काढली. नाव दिलं 'हळवी फेरी'.

मला कळलं ते असं. नितेश अंगणात ड्रोन उडवत होता, विशाखा सुकट वाळत घालत होती.

"दर्शे, हिकडे बघ. नवीन मोड आलाय. एकदम भारी."

ड्रोन विशाखाभोवती फिरला. फेरी पुरी व्हायला आली, आणि जरा आधी तो किंचित खाली बसला. मग उचलून पुढे गेला.

विशाखाच्या हातातली सुकट तशीच राहिली.

"अगो," ती म्हणाली, "हा तर तुझा अंगठा!"

त्या मोसमात कोकणातल्या प्रत्येक लग्नात माझा अंगठा अडखळला. मला कुणी बोलावलं नाही. कशाला बोलावतील? आणि एका सकाळी मी हाताने उडवायला रिमोट उचलला तर पडद्यावर अक्षरं आली: हात ओळखला. यांत्रिक. हस्तचालन नाकारले.

कारण सरळ होतं. 'हळवी फेरी'त माझा नुसता आवंढा नव्हता, माझी बारीक थरथरही होती. ती असल्याशिवाय फेरी जिवंत वाटत नव्हती म्हणे. मग त्या थरथरीने तपासणी फसायला लागली, तेव्हा तुम्ही ती थरथरच यंत्राची म्हणून नोंदवून टाकलीत. जगात ती एकाच माणसाच्या हातात होती. तो हात बाद.

मी तुमच्या कचेरीत आले होते. आठवतंय? नसेल आठवत. खिडकीमागे चष्मा लावलेले साहेब होते, बोलायला गोड.

"बाई, तुमच्या हाताची नक्कल बाजारात आहे. अस्सल कोणतं, नक्कल कोणती, यंत्राला कसं कळणार?"

"मला विचारा की. मी समोर उभी आहे."

"असं कुणीही येऊन उभं राहील."

"मग मी करू काय?"

"सवय बदला. जरा वेगळं उडवा."

"साहेब, तुमची सही कुणी चोरली तर तुम्ही नाव बदलाल?"

ते हसले. तुमच्याकडे हसण्याचा पगार वेगळा मिळतो का हो?

तरी मी सवय बदलायला बघितलं. डाव्याचं काम उजव्याला दिलं, दांड्या उलट्या लावल्या. एकदाच मंजुरी मिळाली, आणि ड्रोन गोठ्याच्या पत्र्यावर. शेवटी नितेशबरोबर मोडच्या कामाला जायला लागले. तो उडवायचा, म्हणजे बटण दाबायचा, मी बॅटऱ्या बदलायचे. माझाच अंगठा माझ्या डोक्यावरून अडखळत जायचा आणि मी खाली बॅटऱ्या धरून उभी.

"मोड तुझाच हाय ना?" नितेश समजूत घालायचा. "मग तूच उडवतेस असं समज."

त्या रात्री मी त्याला ताट वाढलं नाही.

घरात आणखी एक हात होता, तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. माझी सासू. सगळे तिला आये म्हणायचे. तिला कंपवात होता. चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा, बाकी अर्धा सांडायचाच. मासे साफ करणं सुटलं, वाती वळणं सुटलं. मागच्या पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायची. म्हणायची, "ह्यांना काय झालंय गो? मी बसलंय तरी हे कुठे निघालेत?"

आता वाघघळ.

आमच्या गावाच्या उत्तरेला कडा समुद्रात उतरतो, त्याला खाली एक भेग आहे, तीच वाघघळ. तोंड अरुंद, आत खोलीएवढी पोकळी, वर दगडाचं छत. अमावास्येच्या उधाणाला ओहोटी लांब जाते तेव्हा भेगेत चालत जाता येतं. आत कालवं मोठी मिळतात. बायका तोंडाशी काढतात आणि भरती लागायच्या आधी परत येतात. आत कुणी जात नाही. विशाखा गेली. का गेली विचारू नका. टोपली अर्धी होती, आणि आत मोठी कालवं दिसत होती.

भरती लागली. लाटांनी तोंड बंद केलं.

बरोबरच्या बायका ओरडत वर आल्या. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचं ऊन कड्यावर आलं होतं आणि खाली पाणी घळीत घुसून तोफेसारखं वाजत होतं. होडी जवळ नेली असती तर फुटलीच असती. विशाखाचा नवरा, माझे मोठे दीर, त्यांनी वरून दोर सोडला. छत पुढे आलेलं, दोर बाहेरच लाटेत लोंबकळत राहिला. ते उडी मारायला निघाले, चौघांनी धरून ठेवलं. बचाव पथकाला फोन केला. "निघालोच," म्हणाले. कुठून, ते सांगितलं नाही.

नितेशने ड्रोन काढला. त्याला नायलॉनची बारीक दोरी बांधली. बारकी दोरी आत पोचली की विशाखाने तिच्यावरून मोठा दोर आत ओढायचा, कमरेला बांधायचा, बाकी आम्ही ओढणार.

मोड लावला. ड्रोन घळीच्या तोंडापर्यंत गेला आणि थांबला. अडथळा, सुरक्षित अंतर राखा. पुन्हा पाठवला. छताखाली शिरताच उपग्रह दिसेनासे झाले आणि तो शहाण्यासारखा वळून घरी आला. चूक त्याची नाही. मोड मोकळ्या आभाळात जन्मलेला असतो, त्याला भुयार माहीत नाही.

पडद्यावर मात्र एक क्षण विशाखा दिसली होती. आत एका कपारीवर, पाठ दगडाला लावून. पाणी कमरेला.

"हाताने," मी म्हटलं. "दे इकडे."

आणीबाणीत परवाना लागत नाही, हा नियम तुमचाच. फक्त हात माणसाचा पाहिजे. मी दांड्या धरल्या.

हात ओळखला. यांत्रिक. हस्तचालन नाकारले.

मी पुन्हा धरल्या. पुन्हा तेच. माझी जाऊ बुडत होती आणि मी माणूस आहे की नाही याचा निकाल एक डबा देत होता.

नितेशने रिमोट ओढून घेतला. त्याच्या हाताला लगेच मंजुरी मिळाली. जन्मात हाताने न उडवलेल्या माणसाला! ड्रोन उसळला, तिरका झाला, घळीच्या भिंतीला घासला. एक पातं तुटलं. कसाबसा वर आणला. पातं बदलताना तो रडत होता. "माझ्याने नाय व्हनार, दर्शे. नाय व्हनार."

मी त्याच्या अंगठ्यांवर माझे अंगठे ठेवले. त्याचा हात धडधाकट, थरथर बारीक. माझ्या दाबाखाली ती गेली आणि माझीच उरली. यांत्रिक. नाकारले.

तेवढ्यात मागून आवाज आला. आये. चढ चढून कशी आली देव जाणे, दोन्ही हात काठीवर आणि काठीसकट थरथरत.

"माझ्या हाताला काय म्हणतंय तो यंत्र?"

मीच धावले. तिला खडकावर बसवलं, मांडीवर रिमोट ठेवला, तिचे अंगठे दांड्यांवर, तिच्या अंगठ्यांवर माझे.

कंपवाताची थरथर साधी नसते. संथ असते आणि मोठी असते. कुणाच्या दाबाने थांबत नाही. तिच्यापुढे माझी बारीक थरथर म्हणजे समुद्रात पावसाचा थेंब.

हात ओळखला. माणूस.

"चल गो बाय," आये म्हणाली. "तू हाक, मी हाय."

चित्र पाळण्यासारखं हलत होतं. मी तोंडाशी एक लाट जाऊ दिली आणि तिच्या मागोमाग ड्रोन आत घातला. अंधार, फेस. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. वळण घ्यायचं होतं तिथे माझा अंगठा अडला. अडणारच. ड्रोन खाली बसला, पुढची लाट वर येताना दिसली, आणि त्या क्षणी आयेच्या थरथरीने अंगठा ढकलला. अडकलेलं दार कुणीतरी हलवून हलवून उघडावं तसा. यंत्रवाल्यांना ही युक्ती माहीत आहे, जाम झालेला काटा सुटावा म्हणून ते त्याला मुद्दाम थरथर देतात. मला त्या दिवशी कळली.

ड्रोन उचलला. विशाखा समोर. पाणी छातीला.

"इशाखे! धर गो! मी हाय!" आये पडद्यावर ओरडत होती. तिला कोण सांगणार की आवाज जात नाही.

विशाखाने दोरी धरली, मोठा दोर आत ओढून कमरेला बांधला.

पुढे भावोजी आणि गावातले लोक ओढत राहिले. ती खडकांवर आपटत बाहेर आली. गळपट्टीचं हाड मोडलं, गाल सोलला, पण जिवंत. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "टोपली आतच ऱ्हायली काय गो?" मग विचारलं, ड्रोन कोण उडवत होतं.

"आये."

"म्हणून येवडा थरथरत व्हता मेला. मला वाटलं, तो पण माझ्यासारखाच घाबारलाय."

आये आठवडाभर गावभर मिरवली. कुणी चहा दिला की पूर्ण कप मागायची. सांडला तर म्हणायची, "सांडूं दे. कामाचा हात हाय."

ती गणपतीनंतर गेली. झोपेत गेली, हात शांत करून.

आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नात तुम्ही तिला परत आणलीत.

नितेश उडवत होता, मी बॅटऱ्या धरून. रात्रीच नवीन मोड आला होता, यजमानाला तोच हवा होता. नाव 'आठवण'. नवरी आजीच्या पाया पडत होती. ड्रोन आजीभोवती फिरायला लागला, आणि चित्र हलायला लागलं. संथ, मोठं, पाळण्यासारखं. वळणावर किंचित खाली बसलं आणि त्या थरथरीनेच उचललं गेलं. मांडवातल्या बायका हळहळल्या. किती छान, म्हणाल्या.

नितेशचं बोट बटणावरून निघालं.

"ही आये हाय," तो म्हणाला.

त्याने ड्रोन उतरवला, रिमोट खुर्चीवर ठेवला आणि लग्न अर्धवट सोडून चालू लागला. यजमान मागून शिव्या देत होता. परकाराला शिव्या देता येत नाहीत, माणसाला देता येतात, एवढं त्या दिवशी त्याला कळलं असावं.

ड्रोन जमिनीला टेकला की नोंद तुमच्याकडे जाते. वाघघळीतली पण गेली. आमच्या घरातली बाई पाण्यात उभी होती, तेव्हा आमची म्हातारी काय करत होती ते तुम्ही मोजून घेतलंत, विकलंत, आणि मग रिवाजाप्रमाणे यंत्राच्या यादीत टाकलंत. मला शंका होती म्हणून करून बघितलं. विशाखाचा हात गळपट्टीच्या दुखण्यामुळे आता थरथरतो, आयेसारखाच संथ आणि मोठा. तिला म्हटलं, जरा धर. तिने दांड्या धरल्या.

हात ओळखला. यांत्रिक.

"म्हणजे मी पण बुडाले की गो," ती हसून म्हणाली. मग हसली नाही.

परवा नितेश म्हणाला, मला हाताने उडवायला शिकव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मी रिमोट त्याच्या हातात दिला, आणि माझाच हात थांबला. आज त्याला मंजुरी आहे, कारण त्याला काही येत नाही. शिकवलं, की हात तयार होईल. तयार झाला, की त्याची फेरी कुणालातरी आवडेल. आवडली, की तुम्ही उचलाल, आणि तो माणसातून बाद होईल. न शिकवावं, तर घळीच्या भिंतीला घासणारा हात तेवढा उरतो. ज्याला येतं तो यंत्र, ज्याला येत नाही तो माणूस, असा कायदा तुम्ही केलाय, आणि आम्हाला त्याच्यात उभं केलंय, पाठ दगडाला लावून.

विशाखा पुन्हा कालवांना जाते. सगळ्याच जातात. येत्या अमावास्येला उधाण आहे.

एकच विचारते. वाघघळीत बाई अडकली, पाणी कमरेला आलं, दोरी बांधलेला ड्रोन तयार आहे आणि मी कड्यावर उभी आहे. मी कुणाचा हात धरू?

शेजारच्या खात्याकडे पाठवू नका. भरती लागायच्या आधी उत्तर द्या.